माझं विरजण, त्याच्या हाडांत

आमच्या घाटकोपरच्या चाळीत माझं दही प्रसिद्ध होतं, पण गोडीसाठी नव्हे. लागायचं अगदी घट्ट, वाटी उपडी केली तरी पडणार नाही असं, पण आंबट. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या विरजणात हिची जीभ बुडवून काढलीय." बोलणं असं, पण वाट्या घेऊन सगळ्या बायका यायच्या माझ्याच दारात, कारण माझं विरजण कधी फसायचं नाही. दूध म्हशीचं असो, पिशवीतलं असो, पाणी घातलेलं असो, एक चमचा लावला की झालं काम. फक्त दिवेलागणीच्या आत यायचं. दिवा लागल्यावर आमच्या घरातून दूध, दही, विरजण बाहेर जात नसे. सासूबाईंचा तो कायदा होता आणि त्याला पळवाट नव्हती.

दह्यापासून सुरुवात केली म्हणून हसू नका. मला जे सांगायचं आहे ते मला दह्यातूनच कळलं. सातवी झालेली बाई मी. पुढचं जे काही शिकले ते पुड्यांचे कागद वाचून, म्युनिसिपालटीच्या वाचनालयात बसून आणि लोकांना प्रश्न विचारून त्यांचं डोकं खाऊन.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. माझा धाकटा भाऊ आईबरोबर मुलुंडला राहायचा. आम्ही दोघंच भावंडं, वडील केव्हाच गेलेले. तो भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. हात असा की बिघडलेला पंखा, मिक्सर, शिवणाचं मशीन, काही समोर टाका, चहा होईस्तोवर चालू करून द्यायचा. त्याच्या दंडावर काळेनिळे डाग दिसायला लागले. आधी वाटलं, कामावर लागलं असेल. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त, मग नाकातून, ते थांबेना. जिना चढला की धाप. शेवटी शहरातल्या मोठ्या इस्पितळात निदान झालं: हाडांतली मज्जा सुकली आहे, नवीन रक्त तयारच होत नाही.

आई आमची मालवणी. ती म्हणाली, "मगज सुकलो तर त्यात काय? मी मटणवाल्याकडसून नळयो आणतंय." आणि खरंच रोज नळीचा रस्सा करायला लागली. भाऊ बिचारा प्यायचा. वर म्हणायचा, "आई, मी माणूस आहे गं. बकऱ्याचा मगज बकऱ्यालाच लागणार."

डॉक्टर म्हणाले, उपाय एकच. भावंडाचा मेळ बसला तर त्याची मज्जा काढून ह्याला द्यायची. दर भावंडाचा बसतोच असं नाही. माझा बसला. रक्तगट वेगळे होते, माझा ओ, त्याचा बी, पण ते चालतं म्हणाले. हा मेळ वेगळाच. ते कळलं त्या दिवशी मी चाळीत पेढे वाटले. हो, पेढे. आज आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

त्या विभागात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. मोकळ्या होत्या बोलायला. मी म्हटलं, "एक विचारू का? मूर्खासारखा प्रश्न आहे."

"विचारा. शहाणे प्रश्न परीक्षेत विचारून झालेत."

"माझी एवढीशी मज्जा. ती त्याच्या सगळ्या अंगाला पुरणार कशी?"

त्या म्हणाल्या, मज्जेत काही मूळ पेशी असतात. त्या अजून कोणी झालेल्या नसतात. त्यांच्यापासूनच लाल पेशी होतात, पांढऱ्या होतात, रक्त थांबवणाऱ्या होतात, आणि वर त्या आपल्यासारख्याच आणखी मूळ पेशी मागे ठेवतात. थोड्या गेल्या तरी पुरतात.

"म्हणजे विरजण," मी म्हटलं.

"विरजणच! मी नव्हतं कधी असं म्हटलं."

"पण कोणी लाल व्हायचं, कोणी पांढरं, हे त्यांना कळतं कसं?"

मग त्या बाकावर नीट बसल्याच. प्रत्येक पेशीत म्हणे सगळ्या कामांच्या सूचना असतात. जनुकं म्हणतात त्यांना. डोळ्याच्या पेशीत, कातडीच्या पेशीत, रक्ताच्या मूळ पेशीत, सगळीकडे तीच. पण सगळी एकदम चालू नसतात. काही चालू, काही बंद, आणि त्यावरून पेशी कोण होणार ते ठरतं.

मी म्हटलं, "एकादशीसारखं. घरात तांदळाचा डबा असतो, कांदे असतात, सगळं असतं. पण त्या दिवशी हात लागतो तो फक्त साबुदाण्याला आणि शेंगदाण्याला."

"हो, तसंच."

"आणि कुठला डबा उघडायचा हे ठरवतं कोण?"

"पेशीतलीच काही प्रथिनं. ती जाऊन जनुकावर बसतात. काही झाकण उघडतात, काही दाबून धरतात."

"म्हणजे प्रत्येक पेशीत एक सासू आहे म्हणा की."

डॉक्टरबाई इतक्या जोरात हसल्या की नर्स बघायला आली. म्हणाल्या, "एक? अहो, सासवांचं अख्खं मंडळ आहे. आणि त्यांच्यावरही सासवा आहेत."

"मग ही एकादशी सुटते कधी?"

"सुटत नाही. पेशी एकदा एका वाटेला लागली की लागली. तिच्या लेकींनाही तेच डबे उघडे आणि तेच बंद. लाल पेशी तर शेवटी आपलं जनुकांचं गाठोडंच बाहेर फेकून देते."

"दह्याचं दूध होत नाही," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. तेव्हा मला ते ऐकून बरंच वाटलं होतं. म्हटलं, माझ्या पेशी तिकडे जाऊन भलतंच काही व्हायच्या नाहीत.

मज्जा काढायची होती त्या दिवशी सासूबाई सकाळीच माझ्याशी भांडल्या. "माहेराला एवढं देणं द्यायला निघालीस आणि उपाशीपोटी? चहा तरी पी." मी सांगितलं, डॉक्टरांनीच उपाशी यायला सांगितलंय. "मग डॉक्टरांच्या आईने त्यांना काही शिकवलं नाही," म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत लाडू कोंबले, शुद्धीवर आल्यावर खायला.

मला झोपवून कमरेमागच्या हाडातून मज्जा काढली. नंतर महिनाभर बसताना मी "आई गं" म्हणायचे, तेवढंच. भावाला ती सलाईनसारखी शिरेतून दिली. पिशवीतलं लालभडक काही, रक्तासारखंच दिसणारं. मला वाटलं होतं हाडात भोक पाडून भरणार. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही, ह्या पेशी आपल्याआपण हाडांचा पत्ता शोधत जातात." मी काचेबाहेर उभी राहून हात जोडले. देवाला नव्हे हं, त्या पिशवीला. मनात म्हटलं, नीट जा. माहेरीच चाललाय, परकेपणा करू नका.

आणि रुजल्या की! रक्त वाढायला लागलं, डाग गेले. तो घरी आला तेव्हा आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो मला म्हणाला, "ताई, तू जन्मभर म्हणायचीस ना, माझ्यात थोडीही अक्कल नाही. आता तुझी आलीय, बघू काय होतं." त्याला सांगितलेलं होतं, ताप आला तर ताबडतोब यायचं. बाहेरचं खायचं नाही, सगळं उकळून.

ताप आलाच नाही. एके सकाळी त्याचे तळहात लाल झाले. दुसऱ्या दिवशी तळपाय, कानाच्या पाळ्या, मग छातीवर बारीक पुरळ. आईने बघितलं आणि आवाजच खाली आणला.

"देवी इलीसा," ती मला म्हणाली. "मोठ्यान बोला नको."

कांजिण्यांना आमच्याकडे आजही असंच म्हणतात. देवी पाहुणी येते. तिच्यासमोर औषधांचं नाव काढायचं नाही, घरात फोडणी घालायची नाही, तळण करायचं नाही. कडुलिंबाचा पाला अंथरायचा, त्यानेच वारा घालायचा, थंड खायला द्यायचं आणि ती आपल्या पायांनी जाईपर्यंत गप्प राहायचं. मी म्हटलं, "आई, इस्पितळात दाखवूया का?" तर म्हणाली, "ह्यां डॉक्टराचां काम नाय, चेडवा. ती रागावली तर?"

मी किती प्रश्न विचारणारी बाई! डॉक्टरांना सासूचे प्रश्न विचारले. आईला एकच विचारला आणि तिच्या उत्तरावर गप्प बसले. कारण लहानपणी आम्हा दोघांना एकदमच देवी आल्या होत्या आणि आम्ही त्याच पाल्यावर बरे झालो होतो. मला खरंच तसंच वाटलं. घाटकोपरच्या डोंगराकडे कडुलिंब होता, त्याच्या फांद्या मी माझ्या हाताने तोडल्या आणि बसमध्ये मांडीवर घेऊन मुलुंडला नेल्या. आणि थंड म्हणून दहीभात. माझ्या विरजणाचं दही, मी रोज लावायचे आणि भरवायचे. उकळलेलंच खायचं हे आम्ही दोघी विसरलो असं नाही. देवीचं पथ्य मोठं, म्हणून ते बाजूला ठेवलं.

मग जुलाब सुरू झाले. इतके की तो उठेना, आणि तळहाताची कातडी सोलून निघायला लागली. तेव्हा आई स्वतःच म्हणाली, "ही देवी न्हय." आणि रडायला लागली. शेजाऱ्यांची गाडी काढून आम्ही त्याला नेलं. त्याच्या अंगाला कडुलिंबाची पानं चिकटलेली होती. डॉक्टरबाई एकेक पान काढून ट्रेमध्ये ठेवत होत्या.

"हात लाल झाले तेव्हाच का नाही आणलं? सांगितलं नव्हतं का कोणी, पुरळ आलं तरी यायचं म्हणून?"

आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. तेवढ्यात भाऊ खाटेवरून बोलला, "मला सांगितलं होतं. मीच घरी सांगायला विसरलो."

हे खरं की आम्हाला वाचवायला बोलला, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. कधीच.

तो वाचला. जोराची औषधं दिली, सूज आणणारी, आणि तो वाचला. पण मी डॉक्टरबाईंना जिन्यात गाठून विचारलं, "त्याला झालंय काय? देवी नाही तर काय?"

त्या म्हणाल्या, "तुमच्या मज्जेबरोबर तुमच्या पांढऱ्या पेशीही गेल्या. ओळखीचं कोण आणि परकं कोण, हे त्या तुमच्या शरीरात शिकून आल्यात. भावाच्या अंगाचं घर त्यांना परकं वाटतंय. म्हणून त्या भांडतायत. कातडीशी, आतड्यांशी."

"पण मेळ बसला होता ना?"

"मोठा मेळ बसला होता. बारीकसारीक फरक राहतातच."

भावाचं घर परकं! मी तिथेच पायरीवर बसले. लग्न झालेल्या बहिणीने माहेरी जाऊन भांडण काढावं तशी गोष्ट, आणि तीही माझ्याच अंगातून. तिळाएवढंही माझ्या मनात नसताना.

"त्यांना परत लहान नाही करता येणार? काही शिकायच्या आधीचं? जे डबे बंद झालेत ते उघडून?"

त्याही माझ्या शेजारी बसल्या. मग सांगितलं, की बेडकात झालंय. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातली पेशी घेतली, तिच्यातलं जनुकांचं गाठोडं काढलं आणि ज्यातलं स्वतःचं निकामी केलंय अशा अंड्यात ठेवलं. अंड्यात असं काहीतरी असतं की ते बंद झाकणं पुन्हा उघडतं. आतड्याची पेशी आपलं आतडंपण विसरली. तिच्यातून अख्खा बेडूक झाला.

"म्हणजे दह्याचं दूध झालं?"

"बेडकात. तेही क्वचित. माणसात अजून कोणाला जमलेलं नाही. आणि ताई, जमलं तरी तुमच्या भावाच्या कामाचं नाही ते. ज्या पेशी भांडतायत, त्यांना फक्त औषधाने गप्प बसवायचं."

पण मला तो "क्वचित" चिकटला. वाचनालयात जाऊन मी बेडकाचं पुस्तक मागायचे. ग्रंथपालांना वाटलं, मुलाला शाळेत काहीतरी करून न्यायचं असेल. त्यांनी मला चित्रांचं दिलं. मी तेही वाचलं. सगळ्याच गोष्टी परत फिरवता येत नाहीत, एवढं मला कळत होतं हो. तरी वाचत होते.

पुढे अनेक वर्षांनी बातमी वाचली, की माणसाच्या कातडीच्या पेशीलाही मोजकी जनुकं चालू करून मागे नेता येतं, अगदी कोणीच न झाल्यासारखं. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो जिना होता आणि ट्रेमधली कडुलिंबाची पानं होती.

असो. तेव्हाचं सांगते. काही महिन्यांनी भावाचा रक्तगट तपासला तर तो ओ झालेला. माझा. सगळ्यांना त्याचं कौतुक. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मी आता ताईच्या रक्ताचा. म्हणून तर हल्ली तोंड फार चालतं." पण त्या तोंडात लाळ सुटेनाशी झाली होती. डोळे कोरडे पडले, रडू आलं तरी पाणी येईना. बाटलीतले थेंब टाकायचे, तेवढीच ओल. बोटांची कातडी ताणून घट्ट बसली, मूठ नीट मिटेना. स्क्रू पकडता येईना तसं कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसवलं. मशीन बिघडलं की दुसऱ्याला सांगायचा, "इथे फिरव, आता तिथे." लग्नाचं बोलणं त्याने स्वतःच बंद केलं.

आणि कोणी मला एक शब्द बोललं नाही. आई नाही, तो नाही. आरोप केला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. आभार मानले की काय करायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तो भेटला की म्हणायचा, "तुझ्यामुळे आहे." मला त्याचे हात दिसायचे. मी मुलुंडला जाणं कमी केलं. भाऊबीजेला तो यायचा, तर दोन वर्षं मी आधीच निरोप धाडला की आम्ही दिवाळीला सासरच्या गावी जातोय. गेलो नव्हतो. घरातच होतो, कंदीलही न लावता.

आणि विरजण देणं थांबवलं. वाटी घेऊन कोणी आलं की, "आज नाही गं उरलं." चाळीत म्हणायला लागले, हिला काय गर्व झालाय. सासूबाई सगळं बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "विरजण नाकारून पाप कमी होतं असं कुठल्या पोथीत आहे?"

तिसऱ्या भाऊबीजेला तो न सांगता आला. तिन्हीसांज होत आली होती. दारात उभा, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि हातात स्टीलची रिकामी वाटी.

"गावाहून कधी आलीस?" म्हणाला.

मी पदराला हात पुसत राहिले.

"बरं. आत घेणार का? नाहीतर इथूनच विरजण दे."

"विरजण कशाला?"

"खायला. आईचं दही पाणचट होतं. तोंड कोरडं असतं ना, भात घशाखाली उतरत नाही. घट्ट दही असलं की उतरतो."

मी म्हटलं, "नाही उरलं."

तो हसला. त्याचं हसणंही आता ताठ झालं होतं. "ताई, तुझ्याच विरजणावर जगतोय मी. आणि तू मलाच नाही म्हणतेस?"

माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "आता दिवेलागण झाली. आता घराबाहेर जात नाही."

सासूबाई देवापाशी वात भिजवत बसल्या होत्या. हातात काडेपेटी होती. त्यांनी ती खाली ठेवली.

"कुठे झालीय दिवेलागण? मी अजून काडी ओढली नाही. आणि तू त्याच्या वाटीत घालेपर्यंत ओढणारही नाही. बसू दे देवाला अंधारात."

"मावशी, देव रागवेल," भाऊ म्हणाला.

"रागवू दे. तुझ्या बहिणीवर रागावला नाही तो माझ्यावर काय रागावतोय."

मी फडताळातून दह्याचा सट काढला. चमचाभर लागतं, मी तीन-चार घातले. त्याने वाटी दोन्ही हातांच्या तळव्यांत धरली, बोटं वळत नव्हती म्हणून. मग सासूबाईंनी दिवा लावला, आणि मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. तो म्हणाला, "निरांजन जरा लांब धर, डोळे चुरचुरतात." मी लांब धरलं. मग त्याने खिशातली बाटली माझ्यापुढे केली. बोटांनी दाबता येत नव्हती. मी त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले. ते गालांवरून ओघळले, आणि त्याने ते पुसले नाहीत.

"ते कडुलिंबाचं," मी म्हटलं.

"नको," तो म्हणाला. "करंजी आण."

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच मुलुंडला गेले. आईने झाकण काढून दाखवलं. दही लागलं होतं, घट्ट. तिने त्याला भात वाढला, वर दही. पहिला घास घेताना त्याने डोळे मिटून घेतले. तोंड आतून सोललेलं होतं ना.

"झोंबतंय?" मी विचारलं.

"झोंबतंय."

"आंबट आहे. मग कशाला खातोस?"

"उतरतंय गं," तो म्हणाला आणि ताट पुढे केलं.

मी आणखी एक चमचा वाढला.